तिसऱ्या नंबरचं साळिंदर

मुक्काम कडा, बाजाराच्या आदल्या दिवशी.

लिंबागणेशच्या मनकर्णा वन्संबाईंना कड्याहून तुमच्या धाकट्या भावजयीचा, शांतादेवीचा, वाकून शरणु शरणार्थ. इकडं सगळं कुशल हाय, एक माणूस सोडून; आणि तो माणूस सध्या तुमच्या ओट्यावर बसलेला असल्यामुळं तिकडचं कुशल आधी विचारते. गुडघा कसा हाय? एरंडाचं पान गरम करून बांधता का, का नुसत्या गोळ्यांवर भागवता? पान बांधा. गोळीनं गुडघा राहतो, पण पोट जातं. हे पत्र मी सांगतीय आणि आमची सून वर्षाराणी लिहितीय. ती शिकलेली हाय, त्यामुळं माझ्या बोलण्याला इस्त्री करायला बघती. पण मी प्रत्येक ओळ वाचून घेतीय. मला अक्षर कळत न्हाई, पण माझा शब्द बदलला की कानाला लगेच कळतं.

तुमी म्हणाल, घरोघरी फोन असताना पत्र कावून? तर फोन तुमचे भाऊ कापायला लावतात. दोनदा लावला. तुमी 'हॅलो' म्हणलात, मागून एक खोकला आला, आणि फोन बंद. (खोकला मी ओळखते. तो सर्दीचा न्हाई, तो हुकमाचा हाय.) पत्र तसं कापता येत न्हाई. फाडता येतं, पण तुमी फाडणार न्हाई. पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय तुमाला घास उतरत न्हाई, हे मी तुमच्या घरात आल्यापासून बघतीय. म्हणून चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या बंकटच्या हाती हे पाठवतीय. तुमच्या सुनेकडून मोठ्यानं वाचून घ्या. मोठ्यानं म्हणजे ओट्यापर्यंत जाईल असं.

त्यांनी तुमाला काय सांगितलं असंल ते मला माहीत हाय. 'बायकोनं मला गावभर जनावर केलं.' हे साफ खोटं हाय, वन्सं. गावात कुणाला पत्ता न्हाई. केलं ते महाराष्ट्रभर.

आता मुळापासून सांगते. आमची नात शिवकन्या पुण्यात कंप्युटरवर चित्रं काढायच्या नोकरीला हाय, ते तुमाला ठाऊकच हाय. तिला तिथं एक मंडळ भेटलं. मंडळाचं नाव शेपूटवाले. माणसं सगळी शिकलेली, कमावती, पण प्रत्येकानं आपापलं एक जनावर ठरवलेलं. बँकेत बसणारा एकजण संध्याकाळी खार होतो. अंबाजोगाईचे एक मास्तर घुबड हायत. परळीची एक नर्स मगर हाय, आणि स्वभावानं लई गरीब. ही मंडळी माणसासारखं वागणाऱ्या जनावरांच्या गोष्टी लिहितात, एकमेकांच्या वाचतात, चित्रं काढतात, आणि वर्षातून एकदा जमून शेपट्या लावून चहा पितात. कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत. (आपल्याकडच्या किती मंडळांबद्दल असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल ते तुमीच सांगा.) शिवकन्या फोनवर म्हणली, आज्जी, तू लहानपणी सांगायचीस तशी एखादी गोष्ट सांग, मी लिहून टाकते. मी म्हणलं, टाक. मला वाटलं, टाकती म्हणजे फेकून देती.

तर दुपारी दुकानाला गिऱ्हाईक कमी असलं की मी स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्याला फोन टेकवून बसायची आणि सांगायची. बालाघाटाच्या डोंगरावर जनावरांचा बाजार भरतो, आणि त्या बाजारात एका साळिंदराचं किराणा दुकान हाय. साळिंदर लई तिखट. गिऱ्हाईक आलं की आधी काटे उभे, मग 'काय पायजे?' स्वतःच्याच पाठीतला एक काटा उपटून कानावर ठेवतं आणि त्यानं हिशोब लिहितं. मिरचीचं पोतं उघडलं की तीन शिंका देतं आणि समोरच्या सशाला रागावतं, की तुझ्या अंगाच्या केसानं शिंका आल्या. पण मुंग्यांची पोरं गुळाला आली की तराजूकडं बघत न्हाई, दुसरीकडं बघतं. आणि सगळ्या अंगाला काटे असून, घरी बायकोशेजारी टेकताना कसं बसतं कुणास ठाऊक, आजवर तिला एक काटा टोचलेला न्हाई.

गोष्ट गेली ती गेलीच. शेपूटवाले रोज शिवकन्येच्या मागं, पुढं काय झालं, पुढं काय झालं. बाजारात मग एक कोल्हा आला, त्रिंबकशेठ. एक कोंबडी आली, बायनाबाई, तिला सगळ्या गावाच्या अंड्यांची खबर. एक शेळी आली, कौशल्या, ती बोलायला लागली की बाजार उठायचा पण ती उठायची न्हाई. (वन्सं, शेळी तुमी न्हाई. तुमी विचारायच्या आधीच सांगितलेलं बरं.) मंडळात मला मुंगूस म्हणायला लागले. त्यांनी विचारलं होतं, आज्जी, तुमचं जनावर कोणतं? मी म्हणलं, आधी लेक झाले, मग सून झाले, मग सासू झाले, आता आणखी काय व्हायचं राहिलं? पण मुंगूस दिसलं की शकुन चांगला होतो, म्हणून मुंगूस सांगितलं.

आता मधली भिंत तुमाला माहीत हाय. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पत्रा. तुमच्या भावाला पलीकडून सगळं ऐकू यायचं. मी आधी भ्याले. पण एक दिवस पत्र्याच्या पलीकडून आवाज आला, 'तो कोल्हा म्हणजे समोरचा खतवाला ना? बरोबर पकडलास!' आणि हसणं. मग रोजचंच झालं. मी सांगायला बसले की दुकानातला पंखा बंद व्हायचा, नीट ऐकू यावं म्हणून. जेवताना मला सल्ले द्यायचे. कोंबडीला अजून जरा आगाऊ कर म्हणायचे. आणि साळिंदराबद्दल काय म्हणायचे ऐका: 'असला हेकट प्राणी मी जन्मात बघितला न्हाई. त्याच्या बायकोची मात्र कमाल हाय.' मी पोळी वाढत म्हणायची, हाय खरी.

बरं, ह्यात माझं काही चुकलं का? मी एकदाही म्हणलं न्हाई, की हे साळिंदर म्हणजे तुमी. म्हणणार कशी? साळिंदराला मी नावच दिलं न्हाई. कोल्ह्याला, कोंबडीला, शेळीला दिलं. साळिंदर ते नुसतं साळिंदर. तोंडातून निघेनाच. ज्याच्यावरून ते सुचलं त्याचं नाव मी घेत न्हाई, आणि दुसरंच एखादं नाव लावावं तर जीव धजेना. आपल्या माणसाला परक्या नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं. तर ह्या रिकाम्या जागेवर शेपूटवाल्यांनी केवढं रान उठवलं! रोज विचारणा, साळिंदराचं नाव काय? अंबाजोगाईच्या घुबड मास्तरांनी भलं मोठं लिहून काढलं, की मोठ्या बाजारात लहान व्यापाऱ्याची ओळख पुसत चालली हाय, हे दाखवण्यासाठी लेखिकेनं मुद्दाम त्याला बिननावाचं ठेवलं. शिवकन्येनं मला ते वाचून दाखवलं. मी म्हणलं, मास्तर हुशार हायत, पण त्यांचं लग्न झालंय का? झालेलं असतं तर बायकोला विचारलं असतं.

मग ह्या साली संमेलन बीडला ठरलं, एका मंगल कार्यालयात. लेखिका म्हणून मला मानानं बोलावणं. तुमचे भाऊ म्हणले, एकटी कावून जातीस, मी येतो. खरी गोष्ट अशी, की त्यांना कोल्ह्याचं चित्र बघायचं होतं. निघताना रोजचाच वेश: धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, चष्म्याला मागून काळा दोरा, डाव्या खांद्यावर टॉवेल, कानावर पेन, आणि आभाळात ढग नसताना बगलेत छत्री. मी म्हणलं, टॉवेल तरी ठेवा. न्हाई म्हणले. वन्सं, तो टॉवेल ठेवला असता तर आज तुमच्या ओट्यावर जागा मोकळी असती.

कार्यालयाचा मॅनेजर आधी दारातच बिथरला. त्याला वाटलं लग्न हाय, आणि आत बघतो तर शंभरेक शेपट्या. एकीची शेपटी कूलरमध्ये ओढली गेली, ती दोघा लांडग्यांनी मिळून सोडवली. शेजारच्या गल्लीतली एक खरीखुरी शेळी आत शिरली. तिला कुणी हटकलं न्हाई. उलट दोघी-तिघींनी तिच्या कातडीला हात लावून बघितला आणि कापड कुठून घेतलं म्हणून विचारलं. तिनं स्टेजवरचा हार खाल्ला तेव्हा कळलं. मला बघून सगळे पाया पडायला लागले, आणि मग वह्या पुढं करायला लागले, सही द्या. मी म्हणलं, बाबांनो, मला अक्षर येत न्हाई, अंगठा लावते. तर पोरं नाचायला लागली! त्यांच्यात म्हणे पंजाचा ठसा म्हणजे सगळ्यात मोठी सही. मॅनेजरचं शाईचं पॅड आणलं. कुणी वहीवर घेतला, कुणी शर्टावर, एका कोल्हिणीनं शेपटीवर घेतला. जन्मभर अंगठा लावायची वेळ आली की मी पदर पुढं घ्यायची. त्या दिवशी अंगठ्यासाठी रांग लागली होती. (हे वाक्य वर्षाराणीनं लिहिताना नाक पुसलं. तिला सर्दी न्हाई.)

मग प्रश्नोत्तरं झाली. पहिलाच प्रश्न: आज्जी, साळिंदराचं नाव काय? मी म्हणलं, ते त्याच्या बायकोला विचारा. झालं! टाळ्या थांबेनात. घुबड मास्तरांनी उभं राहून मान डोलावली. पहिल्या रांगेत तुमचे भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होते.

आणि शेवटी आली ती वेशभूषा स्पर्धा. साळिंदर हे सगळ्यांचं लाडकं, म्हणून खास साळिंदराचीच स्पर्धा. चार पोरं साळिंदर होऊन आलती. माजलगावचा एक उंच पोरगा होता, त्यानं खराट्याच्या काड्या रंगवून पाठीवर काटे केलते. लई मेहनतीचं काम. पण चौघांचंही बाकी सगळं एकसारखं: टोपी, तीन पट्टे, काळ्या दोऱ्याचा चष्मा, डाव्या खांद्यावर टॉवेल, बगलेत छत्री. आता हे सगळं मीच गोष्टीत सांगितलेलं, ते पोरांनी मनापासून ऐकलेलं. तुमचे भाऊ तेव्हा चहाच्या रांगेत होते. एका सशानं त्यांना बघितलं, दंडाला धरलं, 'काका, तुमी इकडं कुठं, स्पर्धा सुरू झाली!' म्हणत स्टेजवर नेऊन पाचवं उभं केलं. त्यांना वाटलं, लेखिकेच्या घरच्याचा सत्कार हाय. नारळासाठी हात पुढं करूनच उभे राहिले.

नारळ कुठला! सूत्रसंचालन करणाऱ्या मगरीनं प्रत्येकाच्या हातात एकेक वर्तमानपत्राचा कागद, मूठभर तांदूळ आणि दोरा दिला आणि म्हणली, साळिंदर पुडी कशी बांधतं ते करून दाखवा. आता तुमच्या भावाच्या हाताला पुडी बांधायला सांगणं म्हणजे माशाला पाणी दाखवणं. त्यांनी झरझर पुडी वळली, दोरा फिरवला, गाठ मारली, आणि सवयीनं डाव्या सुळ्यात धरून दोरा तोडला. (कात्रीवर त्यांचा विश्वास न्हाई. कात्री उसनी जाते, सुळा जात न्हाई, असं ते म्हणतात.) तोडला आणि सहज शेजारी बघितलं. शेजारी चार साळिंदरं, चौघांच्या डाव्या सुळ्यात दोरा.

वन्सं, दोरा तोंडात तसाच राहिला. त्यांनी चौघांच्या टोप्या बघितल्या, टॉवेल बघितले, छत्र्या बघितल्या. मग स्वतःच्या खांद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. फोडलेली पुडी परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघतात ना, तसं.

एवढ्यात निकाल लागला. पहिला नंबर माजलगावच्या पोराचा. दुसरा आष्टीच्या एकाचा. तिसरा नंबर तुमच्या भावाचा. मगरीनं परीक्षकांचा शेरा वाचला: 'काका, काटे लावायचे राहिले. बाकी हुबेहूब. फक्त राग जरा जास्त झाला. मूळचं साळिंदर इतकं चिडत न्हाई.' पहिल्या नंबरचा पोरगा वाकून पाया पडला आणि आदबीनं म्हणला, काका, हा चष्म्याचा दोरा कुठल्या दुकानातून घेतला? हे म्हणले, माझ्या. पोरगा म्हणला, वा, अजून भूमिकेतच हाय!

मला वाटलं, आता छत्री उघडल्याशिवाय राहत न्हाई. पण आवाज केला न्हाई त्यांनी. बक्षिसाचा कप घेतला, खाली उतरले, माझ्यापुढं येऊन हळूच म्हणले, 'कोल्ह्याला नाव. कोंबडीला नाव. शेळीला नाव. आणि मला न्हाई?' एवढंच. आणि सरळ स्टँडवर जाऊन तुमच्याकडची एसटी धरली. मागून वर्षाराणीला निरोप, की ह्या घरात साळिंदर राहील न्हाईतर मी.

म्हणजे बघा, जनावर केल्याचा राग न्हाई. बिननावाचं केल्याचा राग! आता ह्यावर मी काय करावं, तुमीच सांगा. आपल्या घरात कोणत्या बाईनं नाव घेतलंय? सासूबाईंनी मामंजींचं घेतलं न्हाई, तुमी दाजींचं घेत न्हाई, ही वर्षाराणी शिकलेली असून मिस्टर मिस्टर करती. मी लग्न करून आले तेव्हा तुमीच दार अडवून उभ्या होतात. दोन्ही हात चौकटीला लावून. नाव घे, तरच आत सोडते. मी सोळा वर्षांची, भुकेली, डोईवर शालू घसरलेला. काहीतरी दोन ओळी म्हणून नाव घेतलं, तेव्हा तुमी हात काढला. त्यानंतर बारशा-मंगळागौरीला सगळ्या मागं लागल्या तरी मी हसून वेळ मारून नेली. ते एकदा घेतलं तेवढंच, आणि त्यांनी ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं असंल असं मला वाटलं न्हवतं.

असो. त्यांना राहू द्या तिकडं हवं तेवढं. मला घाई न्हाई. दुकान मी आणि वर्षाराणी बघतोय, मस्त चाललंय, गिऱ्हाईक म्हणतं इतकं शांत दुकान कधी बघितलं न्हाई. गोष्टीही चालू हायत. मी ठणठणीत हाय. त्यांना भाकरी जरा करपलेली लागती, तेवढं बघा. रात्री दूध दिलं तर हळद घालू नका, फेकून देतात आणि मांजराच्या नावावर खपवतात. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
शांतादेवी
(इथं अंगठा लावलाय. शेपूटवाल्यांत ह्याला मान हाय, सांभाळून ठेवा.)

ता. क. कोठीच्या खोलीची किल्ली तेवढी बंकटच्या हाती परत पाठवा. ती त्यांच्या करदोड्याला बांधलेली हाय. कोठीत लोणच्याची बरणी हाय, आमी दोघी कोरडं जेवतोय. किल्ली करदोड्यातून सुटणार न्हाई, गाठ त्यांचीच हाय. तेव्हा करदोड्यासकट पाठवा. आणि करदोडा ज्याच्या कमरेला हाय, त्याच्यासकट.

ता. क. दुसरा. दुकान मस्त चाललंय असं वर सांगितलं, ते वर्षाराणी म्हणती खोटं लिहू नका. तर खरं असं, की आमी पुडीचा दोरा कात्रीनं कापतो आणि पुडी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत टिकत न्हाई. काल एकाची साखर रस्ताभर सांडली, मुंग्यांच्या पोरांची चंगळ. आणि गोष्टीही चालू न्हाईत. शिवकन्येला म्हणलं घसा बसलाय. घसा चांगला हाय. पत्र्याच्या पलीकडं पंखा बंद करणारं कुणी न्हाई, तर सांगू कुणाला?

ता. क. तिसरा. परीक्षकांना तुमच्या भावानं तुमच्याकडं बसून शिव्या घातल्या असतील. परीक्षक तिघं होते. घुबड मास्तर, ती परळीची नर्स, आणि लेखिका म्हणून मी. त्या दोघांनी त्यांना पाचवा नंबर दिलता, काटे न्हाईत म्हणून. मी बोटं मोडून भांडले आणि तिसरा करून घेतला. पहिला मागितला असता, पण लोक म्हणले असते घरच्याचा वशिला. रागाचा शेरा मात्र माझाच होता. कप त्यांनी रागारागात फेकून दिला असं ते सांगत असतील. पिशवीत टॉवेलच्या घडीत बघा.

ता. क. शेवटचा. हा तुमाला न्हाई, वन्सं. सुनेला सांगा, जरा दाराकडं तोंड करून वाचायला. अहो, ऐकलं का? ओट्यावर पाठ करून बसलाय ते. इथं वर्षाराणीपुढं सांगतीय, पुन्हा सांगायला लावू नका:

'तिसऱ्या नंबरचा कप, त्याला कोनाडा पहिला;
महारुद्ररावांचं नाव घेतलं, आता राग कशाचा राहिला?'

वन्सं, तेव्हा नाव घेतल्यावर तुमी मला आत सोडलं होतं. आता नाव घेतलंय. भावाला बाहेर सोडा.

(वर्षाराणी, हसू नको. आणि ते नाव एकदाच लिही. दुसऱ्यांदा पाहिजे असंल तर घरी येऊन ऐकावं लागंल.)